सहा वर्षं बंद असलेला आमचा एसटीपी सुरू झाला. शेजारच्या सोसायट्यांना कसं तयार करायचं?

पाणवठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

पुण्याच्या पश्चिमेला, हद्दीच्या अगदी कडेला आमची १२० फ्लॅटची सोसायटी आहे. ताबा मिळाला तेव्हा तळघरात मैलापाणी शुद्ध करायचं केंद्र, म्हणजे सगळे ज्याला एसटीपी म्हणतात ते, बांधलेलं होतं. फ्लशसाठी वेगळी पाइपलाइन होती, गच्चीवर वेगळी टाकी होती. कागदावर सगळं चोख. दीड वर्षात ते बंद पडलं आणि पुढे सहा वर्षं तसंच राहिलं. फ्लशच्या टाकीत आम्ही बोअरचं पाणी सोडायचो, कमी पडलं की टँकरचं आणि मार्चमध्ये बोअर आटली की सगळंच टँकरचं. विकत घेतलेलं पाणी सहा उन्हाळे संडासात ओतलं आम्ही.

ते बंद कसं पडलं हे आधी सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी असंच होतं. यंत्र बिघडलं नव्हतं. एका वार्षिक सभेत वीजबिलाचा विषय निघाला आणि टाकीत हवा सोडणारा ब्लोअर रात्री बंद ठेवायचा ठराव झाला. हात मीही वर केला होता. त्या टाकीत हवा सोडतात ती नुसती पाणी ढवळायला नाही, तर मैला खाणाऱ्या जीवाणूंना श्वास घेता यावा म्हणून, हे सभेतल्या एकालाही माहीत नव्हतं. महिन्याभरात पाणी काळं झालं, कुजक्या अंड्यासारखा वास तळघरातून लिफ्टमध्ये शिरला. दुसऱ्या सभेत 'हे तंत्रज्ञानच फालतू आहे' असं ठरलं आणि मैलापाणी थेट ड्रेनेजला जोडलं गेलं.

मागच्या वर्षी सचिवपद माझ्याकडे आलं. आम्ही टाक्या यांत्रिक पंपाने रिकाम्या करून घेतल्या, हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे फाटलेले डिफ्युजर बदलले आणि एका चालू केंद्रातून दोन टँकर जिवंत गाळ आणून टाकीत सोडला. हे दह्याला विरजण लावण्यासारखं आहे. पहिला आठवडाभर टाकीवर पांढरा फेस येत राहिला, व्हॉट्सॲपवर तक्रारींचा पाऊस पडला. तिसऱ्या आठवड्यात फेस बसला, टाकीतलं पाणी चॉकलेटी झालं आणि पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास येऊ लागला. त्या दिवशी मी तळघरात बराच वेळ नुसता उभा होतो.

आता आकडे. राष्ट्रीय इमारत संहिता माणशी रोज १३५ लिटर धरते आणि त्यातले ४५ लिटर फ्लशचे. आमची माणसं साधारण ४८०, म्हणजे फ्लशलाच २१,६०० लिटर. प्रत्यक्षात आम्हाला अठरा ते वीस हजार लागतं. दहा हजारी टँकर धरले तर रोजचे दोन. ते दोन टँकर बंद झाले. बागेलाही हेच पाणी जातं.

माझा प्रश्न पुढचा आहे. आमच्या रस्त्यावर आणखी सात सोसायट्या आहेत. त्यातल्या पाचांकडे एसटीपी आहे आणि एकही मनापासून चालत नाही. तपासणी येणार म्हटलं की पंप सुरू होतो. मी तिघांच्या समितीपुढे बोलून आलो. सगळे ऐकतात, चहा देतात, पुढे काही होत नाही. बांधायला लावणारे नियम झाले, पण चालवणाऱ्याला आधार कोण देणार? तुमच्याकडे काय झालं, लोक कशामुळे तयार झाले, ते लिहा.

ताळेबंद

आमच्या सोसायटीत मी खजिनदार आहे. अभिनंदन करतोच, पण खर्च पूर्ण लिहा. ऑपरेटरचा पगार, वीज, जंतू मारायचं हायपो (क्लोरीनचं द्रावण), गाळ उचलणं आणि दर दोन-तीन वर्षांनी डिफ्युजर. हे धरल्यावर खरंच पैसे वाचतात का? सभेत उभं राहून मला हाच प्रश्न येणार आहे.

पाणवठा

रास्त प्रश्न आहे. आमचे आकडे: दोन पाळ्यांचे ऑपरेटर ३०,००० रुपये, वीज साधारण १५,०००, बाकी किरकोळ ८,०००. महिना ५३,००० म्हणजे वर्षाला ६ लाख ३६ हजार. टँकर आम्हाला १,२०० ला पडतो. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत रोजचे दोन वाचले ते २ लाख ८८ हजार. उरलेल्या आठ महिन्यांत निम्मं पाणी बोअर देते, म्हणून रोज एकच टँकर वाचला असं धरलं तर तेवढेच, २ लाख ८८ हजार. एकूण ५ लाख ७६ हजार. म्हणजे वर्षाला ६० हजारांचा खड्डा, घरटी महिन्याला ४२ रुपयांच्या आसपास. सभेत मी हेच आकडे ठेवले. 'फायदा होईल' असं सांगून मतं मागितली असती तर पहिल्या ताळेबंदालाच केंद्र बंद पडलं असतं.

ताळेबंद

४२ रुपये. हे सांगता येईल. पण एक अडचण राहतेच. ज्या सोसायटीला महापालिकेचं पाणी पुरेसं मिळतं आणि पाणीपट्टी मिळकतकराबरोबर ठोक भरायची असते, ती हे का करेल? तिला एक लिटर वाचवूनही एक पैसा सुटत नाही. मीटर लागून वापराप्रमाणे दर लागेपर्यंत तुमचा मुद्दा फक्त टँकरवाल्या सोसायट्यांनाच पटणार.

हळदीकुंकू_कोरमंगला

मी मूळची सोलापूरची, गेली चौदा वर्षं बंगळुरात. इथे हे सगळं आधी होऊन गेलं आहे. कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून, काहीशे मीटर वर चढवून आणतात आणि शहराच्या बाहेरच्या भागाला ते पुरत नाही. म्हणून मोठ्या अपार्टमेंटना स्वतःचा एसटीपी आणि दुहेरी पाइपलाइन सक्तीची केली. संख्या झटपट वाढली, पण अनेक केंद्रं फक्त मंजुरीपुरती. आमच्याकडेही तेच रडगाणं होतं.

बदल झाला तो मार्च २०२४ मध्ये. बोअर आटल्या, टँकरचे दर भडकले, पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५,००० रुपये दंड लागला. त्या महिन्यात ज्यांचा एसटीपी चालू होता त्यांच्या घरी निदान फ्लशला पाणी होतं. आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमधली माणसं आमच्याकडे बघायला आली ती तेव्हा. पुढे अपार्टमेंटना जादा शुद्ध केलेलं पाणी बांधकामाला वगैरे विकायची मुभा मिळाली. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. १२० फ्लॅटमधून पन्नास हजार लिटर मैलापाणी निघतं आणि फ्लशला वीस हजारच लागतं. उरलेल्या तीस हजारांचं करायचं काय, याचं उत्तर मिळालं की हिशेब फिरतो. तुमच्या रस्त्यावर बांधकामं असतील ना? ती कोणतं पाणी वापरतात?

पाणवठा

बोअरचं. टँकरने. तुम्ही म्हणता ते मनात आलंच नव्हतं.

सईची_आई

मी विरोध करायला नाही, भीती सांगायला लिहिते आहे. मी सिंहगड रस्त्याच्या भागात राहते. जानेवारी २०२५ मध्ये इथे जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण निघाले, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी सगळीकडे एकच धास्ती. दूषित पाण्याशी त्याचा संबंध जोडला गेला. महिनाभर मी मुलीला चूळ भरायलाही उकळलेलं पाणी देत होते. अशा घरात येऊन कुणी म्हणालं की 'संडासाचं पाणी शुद्ध करून परत तुमच्या मजल्यावर आणतो' तर माझ्या पोटात गोळाच येणार. ते पाणी फ्लशमध्येच राहील, स्वयंपाकघरात येणार नाही, हे मला कोण दाखवेल? सांगू नका, दाखवा.

पाणवठा

ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी आमच्या समितीला वाचून दाखवलं.

आम्ही काय केलं ते लिहितो. सुरू करण्याआधी एका रविवारी फ्लशच्या गच्चीवरच्या टाकीत खाण्याचा निळा रंग घातला आणि सगळ्यांना निरोप दिला की आज घरातला प्रत्येक नळ सोडून बघा. ११८ घरांत निळं पाणी फक्त फ्लशमध्ये आलं. दोन घरांत बाथरूमच्या एका नळाला आलं. फ्लॅटची दुरुस्ती करताना प्लंबरने जवळची लाइन दिसली म्हणून जोडली होती. दोन्ही जोड त्याच आठवड्यात तोडले. आता दर सहा महिन्यांनी ही चाचणी होते आणि कुणी बाथरूम नव्याने करणार असेल तर काम झाल्यावर तेवढ्या घरापुरती पुन्हा होते. फ्लशच्या पाण्यात क्लोरीन उरतं की नाही हे रोज तपासून जिन्याजवळच्या फळ्यावर लिहितो. महिन्यातून एकदा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल, चांगला असो वाईट असो, तिथेच लागतो. एकदा वाईट आला होता. तोही लावला.

सईची_आई

दोन घरांत निघालं हे लिहिलंत म्हणून बाकीच्यावर विश्वास बसला.

बीडचा_संतोष

नमस्कार. मी इथे नुसता वाचतो, पहिल्यांदा लिहितोय. मी एसटीपी ऑपरेटर आहे, डिप्लोमा झालाय, हिंजवडीकडे काम करतो. तीन सोसायट्या माझ्याकडे. ठेकेदार एकाचा पगार देतो आणि तीन ठिकाणी पाठवतो. एका जागी दोन तास थांबतो, रजिस्टर भरतो आणि पुढच्या जागी. रजिस्टरमध्ये जे आकडे असतात ते वाचून कुणी कधी मला प्रश्न विचारलेला नाही. कालचे आज लिहिले तरी चालतं, म्हणून तसंच होतं. मला ते आवडत नाही, पण खरं आहे.

साहेब लोक विचारतात एमबीबीआर चांगला का एसबीआर चांगला, म्हणजे एसटीपीच्या दोन पद्धती. मी दोन्ही चालवलेत. माणूस असेल तर दोन्ही चालतात, नसेल तर दोन्ही मरतात. एक साधी गोष्ट सांगतो, ती प्रत्येक सचिवाने शिकून घ्यावी. हवेच्या टाकीतलं पाणी एक लिटरच्या पारदर्शक मापात भरा आणि अर्धा तास हलवू नका. गाळ खाली बसतो, वर नितळ पाणी राहतं. आमच्या टाक्यांत गाळ तीनशे मिलिलिटरच्या खुणेच्या आसपास बसला तर तब्येत बरी. शंभरवरच राहिला तर जीवाणू कमी पडले, अजून वाढवायचे. सहाशेच्या वर गेला तर गाळ काढायची वेळ आली. तरंगायला लागला किंवा काळा पडला तर हवा बघा. याला एक रुपया लागत नाही. पण मी सहा वर्षांत हे बघायला खाली आलेला एकच सचिव पाहिलाय.

घरातल्या लोकांनी काय करायचं तेही सांगतो. सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स संडासात टाकू नका, जाळीत अडकतात आणि ते आम्ही हाताने काढतो. तळणीचं तेल सिंकमध्ये नको. ॲसिडची आख्खी बाटली एका दिवशी ओतू नका, टाकीतले जीवाणू मरतात. दिवाळीच्या साफसफाईनंतर दरवर्षी माझी टाकी आजारी पडते.

शेवटचं. टाकीत उतरायला सांगू नका. मागच्या ठिकाणी मला सांगितलं होतं, 'दोन मिनिटांचं काम आहे.' मी नाही म्हणालो तर दुसऱ्याला बोलावलं. त्या टाकीत जो वायू साठतो त्याचा वास सुरुवातीला येतो आणि मग येईनासा होतो. माणसाला वाटतं गेला वायू. गेलेला नसतो.

पाणवठा

संतोष, धागा काढताना मी जे विचारलं होतं त्याचं सगळ्यात जवळचं उत्तर तुम्ही दिलंत. मनापासून आभार.

सगळ्या समिती सदस्यांनी लक्षात ठेवावं: गटार आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. आमच्या ठेक्यात आम्ही 'सफाई फक्त यंत्राने' असं स्पष्ट लिहून घेतलं आणि टाक्यांच्या झाकणांना कुलूप लावलं. किल्ली कार्यालयात सही करूनच मिळते.

निवृत्त_अभियंता_६८

मी आयुष्यभर पाणीपुरवठ्यात काम केलं. मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. शेकडो छोटी केंद्रं म्हणजे शेकडो अर्धवट शिकलेले ठेकेदार आणि त्यांच्यावर नजर ठेवायला कुणी नाही. मोठ्या केंद्राला प्रयोगशाळा असते, तीन पाळ्यांत माणसं असतात. नागपूरचं उदाहरण घ्या. भांडेवाडीला शहराचं मैलापाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीज केंद्राला देतात. तेवढं धरणाचं पाणी वाचतं. तिथे एकच ग्राहक, एकच पाइप आणि जबाबदारी स्पष्ट. पुण्यात खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून २९ टीएमसीच्या (अब्ज घनफूट) आसपास साठा आहे आणि त्यावर शहर आणि खालची शेती दोन्ही अवलंबून आहेत. ही गाठ सोसायट्यांच्या तळघरात सुटणार नाही.

पाणवठा

काका, नजर ठेवायला कुणी नाही हे शंभर टक्के मान्य. पण नागपूरसारखी योजना जिथे मलवाहिन्या पोचल्या आहेत तिथली. आमच्या भागात इमारती आल्या, माणसं आली, मुख्य मलवाहिनी काही वर्षांनी आली. तोवर मैला ओढ्यात आणि ओढा मुळा नदीत. हद्दीवरच्या प्रत्येक नव्या वस्तीत हीच मधली वर्षं असतात आणि तिथे छोट्या केंद्राशिवाय काही हाताशी नसतं. शिवाय मोठ्या केंद्राचं शुद्ध पाणी पंधरा किलोमीटर परत आमच्या फ्लशपर्यंत आणायला दुसरी पाइपलाइन कोण टाकणार? मोठं कारखान्याला, छोटं घराला, असं दोन्ही लागेल असं मला वाटतं.

निवृत्त_अभियंता_६८

'मधली वर्षं' हा मुद्दा पटला. मग माझी सूचना: तुमच्या रस्त्यावरच्या सोसायट्यांनी मिळून एक शिकलेला पर्यवेक्षक ठेवा. प्रत्येक ठिकाणी एक ऑपरेटर आणि सगळ्यांवर हा एक माणूस, त्याच्याकडे तपासणीचा संच. मोठ्या केंद्राची शिस्त छोट्याला अशीच मिळेल. मी स्वतः महिन्यातून दोन दिवस विनामूल्य द्यायला तयार आहे.

गंजगोलाई

लातूरची आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्या गावाला पाणी आलं, ते दिवस ज्यांनी काढले त्यांना पाण्याबद्दल पटवून द्यावं लागत नाही. त्या वर्षी आम्ही गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडायची सोय केली. हिशेब साधा आहे: १०० चौरस मीटर गच्ची, ७०० मिलिमीटर पाऊस, वाया जाणारं सोडून पंचावन्न हजार लिटर तरी हाती येतं. पण दोन गोष्टी पाळा. मृगाचा पहिला पाऊस बाहेर जाऊ द्या, त्यात वर्षभराची धूळ आणि कबुतरांची घाण असते. आणि वाळू-खडीची गाळणी दर वर्षी मेमध्ये उपसून धुवा. आमच्या गल्लीत अशा सोयी बऱ्याच घरांना आहेत. धुणारी घरं मोजकीच.

बसाल्ट

वरच्या प्रतिसादाला जोडून. भूजलावर काम करतो. आपला दख्खनचा खडक स्पंजासारखा नाही. पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत असतं. त्यामुळे एका इमारतीची बोअर पुनर्भरणाने भरते आणि पन्नास मीटरवरच्या दुसरीला काहीच फरक पडत नाही. पुनर्भरणाचा खड्डा कुठे घ्यायचा हे खडक बघून ठरवा, पार्किंगमधली मोकळी जागा बघून नव्हे. आणि एक विनंती: एसटीपीचं जादा पाणी बोअरमध्ये सोडू नका. कुणी कितीही स्वच्छ म्हणो. भेगांतून पाणी गाळलं जात नाही, सरळ शेजाऱ्याच्या विहिरीत जातं.

पाणवठा

आमच्या समितीत नेमका हाच प्रस्ताव आला होता. आता तो मागे घेतो.

खाडीपलीकडे

सॅन फ्रान्सिस्कोतून लिहितेय. इथे २०१२ मध्ये इमारतींना स्वतःचं पाणी पुन्हा वापरण्यासाठी रीतसर परवान्याची व्यवस्था झाली. २०१५ पासून अडीच लाख चौरस फुटांवरच्या नव्या इमारतींना ते सक्तीचं झालं आणि २०२१ मध्ये ती मर्यादा एक लाखावर आणली. मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. आधी पाणी, आरोग्य आणि बांधकाम या खात्यांनी कोण काय तपासणार ते वाटून घेतलं, मग पुढाकार घेणाऱ्यांना अनुदान दिलं, आणि सक्ती त्यानंतर आली. बांधून झालं की विषय संपत नाही, चालू परवान्यासाठी पाण्याचे अहवाल आरोग्य खात्याला देत राहावे लागतात. आपल्याकडे सक्ती आधी आली आणि पुढचं कुणी वाटूनच घेतलं नाही.

ताळेबंद

म्हणजे आपण महापालिकेकडे मागायचं ते हे: मिळकतकरातली सवलत केंद्र बांधल्याबद्दल नको, महिन्याचे अहवाल दिल्याबद्दल द्या. वर्षाला ६० हजारांचा खड्डा त्यातून भरला तर मी आमच्या सभेत स्वतः ठराव मांडतो.

पेठेतला

छोटीशी भर. कात्रजच्या तलावातून पेशव्यांच्या काळी नहर आणली होती आणि शहरात ठिकठिकाणी हौद होते. माझी आजी सदाशिव पेठेतल्या हौदाच्या पाण्याबद्दल सांगायची. वाटेत उच्छ्वास, म्हणजे नहरीवर उभारलेली उघडी तोंडं, होते, तिथून नहर तपासता यायची, साफ करता यायची. पाणी कुठून येतं आणि कुठे तुंबतं हे आळीतल्या माणसांना माहीत असायचं. संतोषचं मापातलं अर्धा तासाचं पाणी वाचताना तेच आठवलं.

पाणवठा

मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आम्ही ठरवलंय ते असं. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता रस्त्यावरच्या सातही सोसायट्यांना आमच्या तळघरात बोलावलं आहे. भाषण नाही. आधी निळ्या रंगाची चाचणी, तीही आम्ही निवडलेल्या घरात नाही, पाहुण्यांनी बोट दाखवलेल्या घरात. मग ४२ रुपयांचा कागद. त्यानंतर सामायिक पर्यवेक्षकाचा विषय. काका, तुम्ही याल ना? आणि संतोष, तुम्हाला सुट्टी मिळत असेल तर त्या दिवसाचं मानधन सोसायटी देईल. अर्ध्या तासाची चाचणी तुम्हीच करून दाखवा.

निवृत्त_अभियंता_६८

येतो. क्लोरीन तपासायचा माझा जुना संच घेऊन येतो.

बीडचा_संतोष

येतो साहेब. मानधनाचं नंतर बघू. एसटीपी असलेल्या प्रत्येक सोसायटीला सांगा, येताना आपापल्या टाकीतलं एक लिटर पाणी पारदर्शक बाटलीत भरून आणा. केंद्र बंद असेल तर आत जे साचलंय ते, पण बादलीला दोरी लावून वरूनच काढा, कुणी खाली वाकू नका. तुमची धरून सहाही बाटल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवू.